नडगी दुखतेय, सातारा हाफ नऊ आठवड्यांवर आलीय: थांबायचं की पळत राहायचं?

ताई, आधी खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि घोट्याच्या आतल्या हाडापासून सुरू करून नडगीच्या आतल्या कडेने अंगठा दाबत दाबत वर गुडघ्याकडे या. घाई करू नका, बोटभर सरका, दाबा, परत सरका. दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे खालच्या तिसऱ्या भागात चांगलं चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा सगळाच हुळहुळतो, कुठे जास्त कुठे कमी पण नक्की जागा दाखवता येत नाही. दुसरी म्हणजे बाकी सगळीकडे ठीक आहे आणि एकाच ठिकाणी, एका बोटाने झाकता येईल एवढ्याच जागी दाबलं की पाय झटकन मागे ओढला जातो. पहिलं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे ताणाने दुखावलेली नडगीची आतली कड. दुसरं असेल तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शंका घ्यायची, ज्याला आम्ही फिजिओथेरपिस्ट स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. तुमच्या "थांबू की पळू" या प्रश्नाचं उत्तर ह्यावरच ठरतं, बूट कुठले आणि बर्फ किती वेळ यावर नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. वय ३९, पुण्यात कोथरूडला राहतात, जानेवारीत शून्यापासून पळायला सुरुवात केली, मेपर्यंत आरामात १० किमी. जूनमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (घाटातली २१ किमीची शर्यत) नाव नोंदवलं आणि ग्रुपबरोबर एकदम १६ किमीची लाँग रन, पुढच्या आठवड्यात सिंहगड रोडने पायथ्यापर्यंत, त्याच्या पुढच्या रविवारी साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढून-उतरून. मग उजव्या नडगीत दुखणं. सुरुवातीला पहिले दोन किमी दुखायचं आणि नंतर गायब, आता पूर्ण रनभर दुखतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरतानाही. ग्रुपमधले एक दादा म्हणतात पळत राहा, नडगी आपोआप कडक होते. दुसरे म्हणतात बूट बदला. सासूबाई म्हणतात बायकांनी एवढं पळू नये, गुडघे झिजतात. शिवाय मार्चपासून वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण बंद आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्यावर खाली येतेच.

अंगठ्याची तपासणी झाली की भिंतीला हात टेकवून दुखऱ्या पायावर हलक्या उड्या मारून बघा, आठ-दहा पुरेत. पहिल्या दोन-तीन उड्यांतच त्याच एका जागी कळ आली तर तिथेच थांबा, पुढच्या मारू नका. रात्री झोपेत किंवा नुसतं बसल्या बसल्या ठणकत असेल तर तीही हाडाचीच खूण. अशा वेळी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि एक लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर बऱ्याचदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आला, मग मी पळाले" ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या पेशंटकडून इतक्या वेळा ऐकलीय की आता ती ऐकताना मी आधीच खाली नोंद करायला घेते. शंका पक्की असेल तर एमआरआय. खर्च आहे हे मान्य, म्हणूनच सरसकट सगळ्यांना तो सांगत नाही. अजून एक, तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यांसाठी: पळताना जांघेत खोल दुखत असेल, लंगडल्यासारखं होत असेल, तर एक दिवसही पळू नका. खुब्याच्या हाडाच्या मानेत तडा असेल आणि तो सरकला तर थेट ऑपरेशनवर जातं. आणि पोटरी एकदम सुजून गरम झाली असेल, दाबलं की दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर ती फिजिओची केसच नाही, रक्ताची गुठळी आहे का हे त्याच दिवशी बघायचं.

आता हे का झालं. लोकांना वाटतं हाड म्हणजे दगड. हाड जिवंत असतं आणि नवा ताण पडला की ते स्वतःला नव्याने बांधायला घेतं, पण त्यात आधी जुना भाग खरवडून काढला जातो आणि नवीन भरणं त्यानंतर सावकाश, आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणजे ताण वाढवल्यानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड तात्पुरतं आधीपेक्षा कमजोर असतं. रस्ता खणून ठेवलाय, खडी पडलीय, डांबर अजून यायचंय आणि नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही त्यावरून घाटाचे ट्रक नेले. दम आणि पोटऱ्या पाच महिन्यांत तयार होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं मी तर अजून पाच किमी सहज पळू शकते, आणि ते खरंही असतं, फक्त नडगीला ते कोणी विचारलेलं नसतं. त्यामुळे त्या दादांचं "कडक होते" हे अर्धं बरोबर आहे. होते, पण मधे जागा दिली तर.

दहा टक्क्यांचा नियम तुम्ही ऐकला असेल, आठवड्याचे किलोमीटर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवशिक्या धावपटूंवर हा नियम तपासून बघितला होता, नियम पाळणारे आणि जरा भरभर वाढवणारे दोन्ही गटांत दुखापती सारख्याच, साधारण पाचात एक. मग २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंच्या घड्याळांतला डेटा बघून आणखी एक अभ्यास आला आणि तो मला रोजच्या अनुभवाशी जास्त जुळणारा वाटतो: आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच रनमध्ये मारलेली उडी घातक ठरते. गेल्या तीस दिवसांतल्या तुमच्या सगळ्यात लांब रनपेक्षा आजची रन दहा टक्क्यांहून जास्त लांब झाली की दुखापतीची शक्यता वाढते आणि दुप्पट केली तर फारच. तुमचं १० वरून १६, म्हणजे साठ टक्के, एका रविवारी. ग्रुपमध्ये हे असंच होतं, सगळे पुढे निघाले की आपण एकट्याने मागे वळायला लाजतो.

तर समजा पट्टा दुखतोय, एक जागा नाही, उड्या मारता येतायत. तर मी तुम्हाला पूर्ण झोपवणार नाही. दोन आठवडे पळणं बंद, पण चालणं चालू, ज्या वेगाने दुखत नाही त्या वेगाने. सायकल चालेल, पोहणं चालेल, खोल पाण्यात बेल्ट बांधून पळण्यासारखे पाय मारणं तर फारच छान, दम टिकून राहतो. दुखणं मोजायला शून्य ते दहा असे मार्क मनात द्या. व्यायाम करताना दोन-तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आदल्या सकाळपेक्षा जास्त नसेल तर ठीक. ही दुसऱ्या दिवशीची सकाळ खरं सांगते, पळतानाचं शरीर खोटं बोलतं कारण गरम झालं की दुखणं दबतं. (हा दोन-तीन मार्कांचा हिशोब शिन स्प्लिंटला, टाचेच्या वरच्या शिरेला, गुडघ्याला चालतो. हाडाला तडा असेल तर शून्य म्हणजे शून्य.)

सलग अर्धा-पाऊण तास भरभर चालून सकाळी काही जाणवलं नाही, असं चार-पाच वेळा झालं की मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. एक दिवसाआड. मग दोन पळा एक चाला, मग चार एक, असं करत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सलग वीस-पंचवीस मिनिटं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी. मधे एखाद्या सकाळी जास्त दुखलं तर घाबरून परत शून्यावर जायची गरज नाही, एक पायरी मागे या, दोन दिवस थांबा, परत तीच पायरी.

आणि पोटरी. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण रनर लोक स्ट्रेचिंग अर्धा तास करतील पण ताकदीचं नाव काढलं की पळ काढतात. पोटरीत वरवर दिसणारा स्नायू वेगळा आणि त्याच्या खाली चपटा सोलिअस वेगळा, आणि पळताना या सोलिअसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तो दमला की धक्का जातो हाडावर. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभ्या राहा, टाच बाहेर लोंबती, कठड्याला दोन बोटं नुसती तोलापुरती. टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, दोन सेकंद वर दोन सेकंद खाली. किती होतात मोजा. माझ्याकडे हाफ मॅरेथॉन पळणारे येतात आणि बारा-चौदाला पाय थरथरायला लागतो, मग गुडघा वाकवून, कंबर पुढे ढकलून कसेबसे पंधरा करतात आणि म्हणतात झाले. ते मोजायचे नाहीत. डाव्या-उजव्या दोन्ही पायांवर साधारण पंचवीस नीट झाले पाहिजेत. तेवढे होत नसतील तर आठवड्यातून तीनदा, तीन सेट, आधी सरळ गुडघ्याने आणि मग गुडघा थोडा वाकवलेलाच ठेवून, सोलिअस दुसऱ्यात जास्त लागतो. पंचवीस सहज व्हायला लागले की संख्या वाढवत बसू नका, पाठीवर सॅक घ्या आणि त्यात वजन टाका. पाच लिटरचा पाण्याचा कॅन बसतो सॅकमध्ये, जिमच हवी असं काही नाही. सुरुवातीला नडगीला थोडं जाणवलं तर दोन्ही पायांवर करा.

टाचेच्या वरच्या शिरेचं म्हणजे अकिलिसचं दुखणं असणाऱ्यांनाही जवळपास हेच लागतं. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या ऑर्थोपेडिक सर्जननी १९९८ साली टाच सावकाश खाली सोडण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम मांडला, पंधराचे तीन सेट, सरळ गुडघ्याने आणि वाकवून, दिवसातून दोनदा, आणि त्यांची स्वतःचीच अकिलिस दुखत होती. बारा आठवडे हा आकडा नीट वाचा. लोक दहा दिवस करतात आणि फरक नाही म्हणून सोडतात.

बर्फ लावायचा तर लावा, बधिर होतं, बरं वाटतं, दहा-पंधरा मिनिटं, कातडीला थेट नको. त्याने हाड लवकर भरत नाही. विश्रांती-बर्फ-दाब-पाय वर हे सूत्र ज्यांनी १९७८ साली लोकप्रिय केलं त्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. मालीशवाल्याकडून पोटरी चोळून घ्या हवं तर, पण नडगीच्या हाडावर अंगठे रुतवून "शीर मोकळी करतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. आणि ती पळायच्या आधी घेतलेली ब्रुफेनची गोळी, तुम्ही लिहिलंय दोन लाँग रनला घेतली, ती बंद. एक तर दुखणं झाकलं गेल्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि दुसरं घामाने पाणी कमी झालेलं असताना ही औषधं मूत्रपिंडाला त्रास देतात.

बूट. जुने पाचशे ते आठशे किमी झाले असतील तर बदला, पण बदलले म्हणून नडगी बरी होईल असं नाही. दुकानात पायाची कमान बघून "तुम्हाला हाच लागेल" म्हणतात त्याला मी फारसं मानत नाही, पायात घातल्यावर पाच मिनिटं पळून जो आरामशीर वाटतो तो घ्या. जमत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात तसं करणाऱ्यांना दुखापती ३९ टक्के कमी दिसल्या. बुटांपेक्षा मी आधी पावलं मोजायला लावीन. तुमचं घड्याळ मिनिटाला किती पावलं दाखवतं ते बघा, समजा १५६ असेल तर वेग तोच ठेवून १६४ च्या आसपास आणा, पाच टक्के, जास्त नाही. पाऊल आखूड पडतं, टाच शरीराच्या फार पुढे आपटत नाही, गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. आठवडाभर विचित्र वाटतं. आणि कृपा करून रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळू नका, पाणी वाहून जायला कडेला उतार असतो आणि एक पाय कायम खाली पडतो. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला मातीत पळता येतं तेव्हा पळा, पण आत्ता पावसात तिथे घसरडं आहे, घोटा मुरगळून आलात तर नवीन प्रकरण.

आता जेवण. रात्रीचं जेवण बंद, आठवड्याला तीस-पस्तीस किमी पळणं, वर आता श्रावण येतोय म्हणजे सोमवार, शनिवार. शरीराला रोजच्या कामाला पुरेल एवढीही ऊर्जा उरली नाही की ते जिथे तातडी नाही तिथलं काम थांबवतं आणि हाड दुरुस्ती त्यात पहिली. बायकांमध्ये याची सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे पाळी. लांबली, कमी झाली, एखादी चुकली, तर "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला आणि मला किंवा जो कोणी फिजिओ बघत असेल त्यालाही सांगा. आपल्याकडे हे सांगायला संकोच वाटतो आणि मग सहा महिने नडगीवरच उपचार चालतात. व्हिटॅमिन डी तपासा, पुण्यात एवढं ऊन असूनही कमी निघणारेच जास्त. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं, त्यामुळे दोन भाकऱ्या, दही, तीळ घातलेली चटणी, दूध असं रोज पोटात गेलं तर गोळ्यांची गरज फार कमी पडते. उपास करायचा तर करा, पण त्या दिवशी लांब पळू नका, साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ आहे, त्यात दाण्याचं कूट भरपूर घाला आणि सोबत दही घ्या. वजन कमी करणं नडगी बरी होईपर्यंत बाजूला. ही अट आहे माझी, सल्ला नाही.

सासूबाईंना सांगा गुडघे झिजत नाहीत. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली होती, हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के, अजिबात न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षं पळणाऱ्यांमध्ये मात्र १३.३. तुम्ही पहिल्या गटातल्या.

तपासणीत एकच जागा दुखली आणि एमआरआयमध्ये तडा निघाला तर वरचा सगळा हिशोब बदलतो. नडगीच्या आतल्या कडेचा तडा असेल तर सहा ते आठ आठवडे पळणं नाहीच, चालताना दुखत असेल तर कुबड्या किंवा नडगीला आधार देणारा डॉक्टरांचा उंच बूट, आणि नंतर सुरुवात एक-दोन मिनिटांपासून. नडगीच्या पुढच्या कडेचा तडा असेल तर अजून वेळ, तो हट्टी असतो. सातारा यंदा विसरा.

तडा नसेल तर साताऱ्याचं काय? समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि तोच घाट उतरायचा. सगळे चढाची तयारी करतात, पाय मोडतात उतारावर. २००५ मध्ये अमेरिकेत मोजलं होतं, नऊ अंशांच्या उतारावर टाच टेकतानाचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्के जास्त. आपला घाट सगळा तेवढा तीव्र नाही, पण उतरण तासभर चालते आणि तेव्हा पोटऱ्या आधीच दमलेल्या असतात. नऊ आठवड्यांत दोन विश्रांतीचे, तीन-चार परत पळायला शिकण्याचे गेले की उरतात तीन-चार. त्यात तुम्ही सुरक्षितपणे बारा-तेरा किमीपर्यंत पोहोचाल. तेरावरून एकवीस म्हणजे परत तीच उडी. म्हणून माझं स्पष्ट मत, यंदा सातारा पळायला नाही, चालत-पळत करायला जायचं असेल तरच जा, चढ पूर्ण चालत, उतारावर पावलं आखूड, सपाटीला हळू पळणं, वेळेचा विचार शून्य. तेही दोन आठवडे आधी बारा-तेरा किमी चालत-पळत करून पुढच्या दोन्ही सकाळी नडगी गप्प राहिली तर. नाही राहिली तर नोंदणीचे पैसे गेले म्हणायचं आणि डिसेंबरात पुण्याची किंवा जानेवारीतली मुंबईची हाफ धरायची, दोन्हीकडे यवतेश्वरसारखा घाट नाही, मुंबईत पेडर रोडचा चढ तेवढा आहे आणि तोपर्यंत तुमच्याकडे वेळही भरपूर आहे.